घोंगडीची कड

"साहेब, डोस्क्याला काय लावलंयसा?"

कोंडिबा झोरे माझ्या इतक्या जवळ येऊन उभा राहिला होता की त्याच्या मिशीतले पांढरे केस मला मोजता आले असते. मी मोजायला सुरुवातही केली होती. घाबरलो की मोजायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड.

"तेल," मी म्हणालो. "साधं चमेलीचं."

"ह्येला साधं म्हंत्यात व्हय? धा हातावनं वास येतोय. धुवून टाका. ह्यो ओढा हाय न्हवं."

"आत्ता? एवढ्या थंडीत?"

"आत्ताच. ह्यो वास घेऊन पुढं गेलासा तर माझी नोकरी जाईल आन तुमचं थोबाड."

मागे दादा पोट धरून हसत होता. फेब्रुवारीतली सकाळ होती. ओढ्याकाठी वाकून मी डोक्याला माती चोळली आणि बर्फासारख्या पाण्याखाली मान घातली. हा माणूस वाघ-बिबट्याच्या धाकानं मला तेल काढायला लावतोय, अशी माझी समजूत होती. त्यामुळे डोकं पुसता पुसता मी आजूबाजूची झुडपं नजरेनं चाळत होतो. वर झाडांकडे काही मी बघितलं नाही.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ प्रताप, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. इस्लामपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता, पण जीव सगळा पाखरांत. पक्षीगणनेसाठी त्याला दर वर्षी चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आत खोल रानात, दोन रात्री तंबू टाकून राहायची परवानगी मिळायची. बरोबर वनखात्याचा एक माणूस असायचा, तो हा कोंडिबा. त्या वर्षी आईनं दादाच्या मागे मला लावून दिलं. सुमेधावहिनीला सातवा महिना लागला होता, आणि दादाला रानात गेल्यावर मागचापुढचा विचार नसायचा. आदल्या वर्षी धनेशाची ढोली बघायला हा गडी साठ फूट झाडावर चढला होता आणि उतरताना घसरून बरगडी मोडून घेऊन आला होता.

आईचं म्हणणं सरळ होतं. "सुहास, तू बरोबर असलास की तुझ्या भीतीपायी तरी तो कुठं चढणार नाही. जसा नेतोयस तसा परत आण." म्हणजे घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाला घरातल्या सर्वांत धाडसी माणसाची राखण करायला पाठवलं होतं. मी सांगलीत शाळेत गणित शिकवायचो. पाल दिसली तर मुलांना वर्गाबाहेर काढण्याच्या निमित्तानं पहिला मीच बाहेर पडायचो.

निघताना तिनं माझ्या पिशवीत मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा पुडा टाकला. रानात वाघजाईचं ठाणं आहे हे तिनं दादाकडूनच ऐकलं होतं. "सुनेचं सुखरूप होऊ दे म्हणावं आणि लाव तिथं. दादाला सांगू नको. तो चेष्टा करतो."

चौकीपासून तंबूच्या जागेपर्यंत मी सात हजार एकशे चाळीस पावलं मोजली. वाटेत अस्वलाची ताजी विष्ठा दिसली. कोंडिबानं ती काडीनं उकरून दाखवली आणि दादा लहान पोरासारखा खूश झाला. माझी तर पाचावर धारण बसली.

"आवो, बोलत चला, खाकरत चला," कोंडिबा म्हणाला. "अस्वलाला मानूस आलेलं कळलं की त्ये आपसूक बाजूला हुतंय."

मी पुढची वाट सतराचा पाढा मोठ्यानं म्हणत चाललो.

तंबूची जागा म्हणजे कोंडिबाच्याच जुन्या धनगरवाड्याचं ठिकाण. चौदा घरं होती पूर्वी तिथं. उद्यान झालं आणि सगळ्यांना उठवून खाली वारणेच्या काठाला वसवलं. आता नुसते चौथरे उरले होते आणि त्यांवर कारवी माजली होती. कोंडिबा मात्र वनमजूर म्हणून परत आला होता, आपल्याच गावाची राखण करायला. त्याचं घर कुठलं असं दादानं विचारलं, तेव्हा त्यानं पायाखालीच बोट दाखवलं. आम्ही तंबूची खुंटी त्याच्या चुलीच्या जागेवर ठोकली होती.

त्यानं आम्हाला एक घोंगडी दिली. काळीभोर, जाड, मेंढराच्या वासाची. "दोघांत एकच?" मी विचारलं.

"एका घोंगडीत दोन मानसं मावत्यात. आमी तर तीन तीन भावंडं झोपायचो."

दुपारी तो आम्हाला वाघजाईच्या देवळात घेऊन गेला. तंबूपासून दोनशे पावलांवर. देऊळ कसलं, चुना न लावता दगडावर दगड रचलेल्या चार भिंती, छप्पर पडलेलं, आणि आत शेंदराची एक शिळा. पाठीमागे बेहड्याचं प्रचंड झाड. कोंडिबानं पायतण काढलं, शिळेवर ओंजळभर पाणी घातलं, रानातलं एक फूल ठेवलं आणि हात जोडून काही न बोलता उभा राहिला. दारात घंटा टांगलेली होती, पण तिच्या लोळ्याला चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"घंटेला काय झालं?" मी विचारलं.

त्यानं बोट ओठांवर ठेवलं आणि मग वर दाखवलं. बेहड्याच्या फांद्यांना काळपट, सुपाएवढाली पोळी लोंबत होती. मला आधी ती जळालेली साल वाटली. मग त्यातल्या एकावरून चमकती लाट सरकल्यासारखी झाली आणि माझ्या लक्षात आलं की ती साल जिवंत आहे. आग्या मोहोळ. एकूण नऊ पोळी.

"वाडा उठला तवापास्नं ह्या हितं," कोंडिबा हळू आवाजात म्हणाला. "वर्साला जत्रंला वाड्यातली समदी मानसं येत्यात. आधी ढोल वाजायचा, धूप जळायचा, नारळ फुटायचा. आता काय न्हाई. पानी आन फूल. देवीला आता आवाज चालत न्हाई, धूर चालत न्हाई, अत्तराचा वास चालत न्हाई. ती आता माश्यांची झालीया."

"आणि चुकून उठल्याच तर?" दादानं विचारलं.

"तर पळायचं न्हाई. पळनाऱ्याच्या मागं त्या मैलभर येत्यात. जितं हाय तितं बसायचं, घोंगडी डोक्यावनं घ्यायची आन कडा भुईसंगं दाबून धरायच्या. फट ऱ्हाता कामा नये. आन तोंड उघडायचं न्हाई, काय बी झालं तरी. माशी नरड्यात शिरली तर मानूस आतनं सुजून मरतंय."

मी सगळं ऐकलं. नीट ऐकलं, हे मला सांगितलं पाहिजे. मला कुणी बजावलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

संध्याकाळी गवा आला. दादा आणि मी तंबूसमोर भाकरी खात बसलो होतो आणि चौथऱ्याच्या पलीकडे कारवी हलली. आधी शिंगं दिसली, मग खांदा. आमच्या शाळेच्या फळ्याएवढा खांदा. त्यानं आमच्याकडे पाहून फुत्कार टाकला आणि माझ्या हातातली भाकरी खाली पडली. बोबडी वळणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. मी 'दादा' म्हणायला गेलो आणि तोंडातून नुसता वारा निघाला. दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गवा गेला तरी तो हात त्यानं कितीतरी वेळ काढला नाही.

"गेला बघ. कशाला घाबरायलायस लेका? मी हाय की."

रात्रभर मी घोंगडीखाली जागा होतो. बाहेर प्रत्येक पान वाजलं की मला कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. शेजारी दादा घोरत होता. अजून एक रात्र इथं काढायची होती, आणि या माणसाला धडधाकट घरी न्यायचं होतं. पहाटे पहाटे मी ठरवलं की आईनं सांगितलेलं काम उजाडताच उरकून टाकायचं. देवीला दोघांचंही सांगायचं, वहिनीचं आणि दादाचं. आणि थोडं माझंही.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही देवळापाशी होतो. कोंडिबा आपली घोंगडी पांघरून ओढ्यावर पाणी भरायला गेला. दादा देवळाच्या पुढं साठ-सत्तर पावलांवर, एका उंबराखाली दुर्बीण डोळ्यांना लावून धनेशाची वाट बघत होता. अंगात नुसता सदरा. आमची घोंगडी माझ्या खांद्यावर होती, कारण मला थंडी जास्त वाजते.

मी देवळात शिरलो. वर पाहिलं. पोळी स्तब्ध होती. वारा देवळाकडून ओढ्याकडे, म्हणजे झाडापासून उलटा वाहत होता. एक उदबत्ती, खाली, भिंतीच्या आडोशाला, तिचा तो काय धूर, असं मी स्वतःला समजावलं. मग एक लावणं बरं दिसेना. पाच लावल्या. देवीपुढं डोळे मिटले आणि जे जे मागायचं ते मागितलं. बाहेर येऊन वीसेक पावलांवर, मोकळ्या जागेत उभा राहिलो. फार दिवसांनी जरा निर्धास्त वाटलं.

तेवढ्यात तोंडावर वारा लागला. समोरून. त्याची दिशा फिरली होती, आता तो झाडाकडे जात होता. मी वळून पाहिलं.

आधी आवाज आला नाही, आधी सावली हलली. झाडाखालच्या उन्हाचे कवडसे एकदम पुसले गेले. मग गुणगुण, आणि बघता बघता ती गुणगुण एवढी मोठी झाली की माझे दात आतून थरथरायला लागले. मी बसलो. हे एक मी बरोबर केलं. उकिडवा बसलो, घोंगडी डोक्यावरून ओढली, पुढच्या दोन्ही कडा मुठीत आवळून हनुवटीखाली धरल्या आणि डोळे मिटले.

घोंगडीवर माश्या फुटाण्यांसारख्या येऊन आपटत होत्या. आत अंधार होता आणि मेंढराचा वास. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. पंचवीसच्या आसपास पाठीत, कमरेच्या वर, तापलेली सुई घुसल्यासारखं झालं. लगेच टाचेला. मग पुन्हा टाचेला. मी घोंगडी आणखी पुढं ओढून घेतली. पुन्हा एक, पोटरीला. चार.

आणि मग मागून कुणीतरी घोंगडी धरली.

मी डोळे उघडले. माझ्या टाचेपाशी उजेडाची एक फट होती आणि त्या फटीत हाताची बोटं होती. मनगटावर पितळी पट्ट्याचं घड्याळ. दादाला लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. बोटांवर माश्या बसलेल्या होत्या, एकीवर एक. बोटांनी घोंगडी ओढली.

मी ती परत ओढली.

हे मी कितीही वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं तरी ते तसंच राहतं. मला कळलं नाही असं नाही. हात कुणाचा ते मला दिसलं. एका घोंगडीत दोन माणसं मावतात हेही मला माहीत होतं, रात्रभर आम्ही तसेच झोपलो होतो. पण कड वर झाली तर त्या आत येतील, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. त्या हातानं जोर लावला. मी दोन्ही मुठींनी, सगळ्या अंगाचा भार टाकून पुढं खेचलं. आयुष्यात एवढी ताकद मी कशालाच लावलेली नाही. दादानं हाकसुद्धा मारली नाही. तीनदा ओढलं त्यानं. मग हात नाहीसा झाला.

नंतर काही वेळ मला पायांजवळ काही तरी हललं, सरकलं असं वाटत राहिलं. मी डोळे मिटून मोजत होतो. त्यानंतर मात्र एकही माशी मला चावली नाही. मी पंधराशेच्या पुढं गेलो तेव्हा कोंडिबाचा आवाज आला.

"हलू नगा. मी काडतो."

तो माझ्याभोवती फिरत काही तरी बाजूला करत होता. घोंगडी उचलली तेव्हा मी बघितलं, तिच्या मागच्या आणि बाजूच्या कडेवर ओळीनं दगड ठेवलेले होते. कोंडिबा एकेक उचलत होता. भेदरलेल्या माणसाचं मन कशातही अडकतं, मी तेही मोजले. अकरा. देवळाच्या भिंतीचे, चांगले पायलीएवढाले. कोंडिबानं मला वाचवायला आधी येऊन ठेवले असणार, हे मी तिथल्या तिथे धरून चाललो. भिजवलेली घोंगडी पांघरून तो आला होता, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"दादा?" मी म्हणालो.

कोंडिबानं हातातला दगड टाकला. तो देवळाकडे पळत होता.

दादा देवळाच्या भिंतीला लागून पालथा पडला होता. त्याचा चेहरा मी ओळखला नसता. डोळे नव्हते, नुसत्या दोन चिरा. ओठ मनगटाएवढे. मान, कान, हात, सगळीकडे काळे काटे. उजव्या पंज्याखाली एक चपटा दगड होता. पडताना त्यानं आधाराला धरला असेल असं मला वाटलं. कोंडिबानं छातीला कान लावला.

"हाय. जित्ता हाय. उटा साहेब, रडत बसू नगा, लाकूड तोडतो, झोळी करू."

त्याच घोंगडीची झोळी केली. पुढं कोंडिबा, मागं मी. सात हजार एकशे चाळीस पावलं. वाटेत दादाला ओकारी झाली आणि तो शुद्धीवर आला. न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्यानं मान माझ्या बाजूला वळवली आणि त्या ओठांतून एकच बोलला, "तुला... लागलं?"

"चार," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. अस्वल, गवा, बिबट्या, त्या वाटेवर मला एकाचीही आठवण झाली नाही. माझं सगळं भय त्या झोळीत गोळा झालं होतं.

कोल्हापूरच्या दवाखान्यात दोन नर्सबाई तीन तास काटे काढत होत्या. दोनशेसाठ काढल्यावर त्यांनी मोजणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दादाची लघवी चहाच्या रंगाची झाली आणि तिसऱ्या दिवशी थांबलीच. मूत्रपिंडं बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, विष उतरेपर्यंत मशीनवर रक्त धुवायचं, पुढचं आत्ताच सांगता येत नाही. वहिनी पोटावर हात ठेवून बाकावर बसलेली असायची. ती रडत नव्हती, आणि तेच मला बघवत नव्हतं. आई आली तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझ्या चेहऱ्यावर, हातांवर एकही सूज नाही हे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "तू होतास ना बरोबर?"

वनखात्याचे साहेब चौकशीला आले. माश्या कशा उठल्या? मी तोंड उघडायच्या आत दादा पडल्या पडल्या म्हणाला, "मोहोळघार. ती पोळ्यावर झडप घालते, मग सगळ्या उठतात. मी बघितली." त्यानं बघितली म्हटल्यावर मी गप्प राहिलो. कोंडिबाही दाराशी उभा होता. तो माझ्याकडे बघत राहिला, पण बोलला नाही.

सतराव्या दिवशी दादाची मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली. एप्रिलच्या शेवटी मृण्मयी झाली, अडीच किलोची, खणखणीत आवाजाची. बारशाला कोंडिबा आला होता. जाताना त्यानं ती घोंगडी पाळण्याशेजारी ठेवली. "पोरीला," म्हणाला. पुढं चार वर्षांनी तो वारला.

त्यानंतर घरात त्या सकाळचा विषय निघाला की मी काही तरी निमित्त काढून उठायचो. दादाचा उजवा कान त्यातच अधू झाला. तो माझ्याशी बोलताना डावा कान पुढं करायचा आणि दर वेळी मी चहाच्या कपात बघायचो. आम्ही एकाच घरात राहतो, तो खाली, मी वर. सतरा वर्षं मी रोज त्याच्याबरोबर चहा प्यायलो आणि सतरा वर्षं मला त्या हाताचं घड्याळ दिसत राहिलं.

गेल्या फेब्रुवारीत मृण्मयीनं जाहीर केलं की ती पक्षीगणनेला जाणार. चांदोलीलाच. मी खवळलो. माझा आवाज एवढा चढला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोर म्हणाली, "काका, तुम्हाला काय होतंय? बाबांना चावल्या ना, ते कुठं नाही म्हणतायत?"

दादानं तिला शांतपणे खुणावलं आणि कपाटातून ती घोंगडी काढून तिच्या हातात दिली.

"हे बघ. पळायचं नाही. बसायचं. तोंड बंद. कडा दाबून धरायच्या, चारी बाजूंनी. डोक्याला तेल नाही, अत्तर नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि उदबत्तीचा पुडा नाही. आजीनं दिला तरी नाही."

मृण्मयी घोंगडी घेऊन आत गेली. मी खुर्चीत बसलो होतो तो बसूनच राहिलो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"वास येत होता की. मोगऱ्याचा." दादानं डावा कान पुढं केला. "आईनं सांगितलं असणार, तू लावलीस. झालं ते झालं."

"तेवढंच नाही, दादा." मी म्हणालो. "तू घोंगडी ओढलीस तेव्हा मी... मला दिसला होता तुझा हात. घड्याळ दिसलं होतं. मी तुला आत घेतलं नाही. दोघं मावलो असतो आपण. मी मुद्दाम ओढून धरली."

दादानं चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं आता हा उठून जाईल. मग तो कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणून सतरा वर्षं तू उठून जातोयस होय? अरे येड्या, मी आत यायला कुठं ओढत होतो?"

"मग?"

"माझ्या केसांत, सदऱ्यात, सगळीकडे माश्या होत्या. त्या घेऊन तुझ्याजवळ आत शिरू? तुझी मागची कड उघडी पडली होती. पाठ दिसत होती, टाचा दिसत होत्या. मी ती खाली ओढत होतो आणि तू लेका पुढं ओढत होतास. जितकं मी खाली करावं तितकं तू वर. तोंड उघडून सांगायची सोय नव्हती. मग म्हटलं, ह्याला हातानं काय जमायचं नाही, वर काही तरी ठेवायलाच पाहिजे."

मला उमगायला वेळ लागला.

"ते दगड," मी म्हणालो. "ते कोंडिबानं..."

"कोंडिबा ओढ्यात होता. पाण्यात बसला होता तो, माश्या पार निवेपर्यंत."

देऊळ माझ्यापासून वीस पावलांवर होतं. तो एकेका हातात एकेक धरून आणत असेल, की एका वेळी एकच, हे मला विचारवेना. माश्यांनी डोळे बंद होत आलेला माणूस वीस पावलं जातो, भिंतीचा दगड उपसतो, वीस पावलं परत येतो, वाकतो, कडेवर ठेवतो, आणि पुन्हा जातो.

"किती आणलेस?" मी विचारलं.

"कुणी मोजलेत," दादा म्हणाला आणि चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

मी मोजले होते. घोंगडीवर अकरा होते, आणि बारावा त्याच्या हाताखाली.